संगणकाच्या पडद्याचे चित्रीकरण: ताळेबंदातील अक्षरे आणि आकडे पुसट का येतात?

खातेवही (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन व लेखाकर्म शिकवते. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे सारे एक्सेलमध्ये प्रत्यक्ष करून दाखवावे, सोबत बोलून समजवावे आणि ते धडे यूट्यूबवर ठेवावेत, म्हणजे बारावीच्या मुलांना हवे तेव्हा पुन्हा पाहता येतील, या विचाराने उन्हाळी सुट्टीत मी पडद्याचे चित्रीकरण सुरू केले. त्यासाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर वापरते. लॅपटॉप जुना आहे: विंडोज १०, इंटेलचा प्रोसेसर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि पडदा १३६६ × ७६८ पिक्सेलचा. ‘७२० म्हणजे एचडी’ एवढे ऐकून ठाऊक असल्याने व्हिडिओचा आकार मी १२८० × ७२० ठेवला आणि सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या.

अडचण अशी, की पडद्यावर स्वच्छ दिसणारी अक्षरे चित्रीकरणात ओल्या कागदावर शाई फुटावी तशी दिसतात. एका ओळीतील शिरोरेषा काळी आणि रेखीव असते, तर तिच्याच खालच्या ओळीतील करडी आणि जाडसर होते. ‘भविष्य निर्वाह निधी’ या शब्दांतील ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ जवळजवळ नाहीशी होऊन ते ‘भविप्य’ असे वाचले जाते. अंक देवनागरीत दिसतील अशी मांडणी मी मुद्दाम ठेवली आहे. त्याचाही फटका बसला. एका विद्यार्थिनीने यंत्रसामग्रीवरील घसारा नफा-तोटा खात्यात ९,५०० आणि मालमत्तेच्या बाजूला १,५०० असा उतरवून घेतला आणि तिचा ताळेबंद बरोबर ८,००० रुपयांनी जुळेना. चूक तिची नव्हती, माझ्या व्हिडिओची होती.

बिटरेट (दर सेकंदाच्या व्हिडिओला दिलेली साठवणीची जागा) कमी पडत असेल असे वाटून मी तो २,५०० वरून थेट २०,००० केबीपीएसवर नेला. पंचवीस मिनिटांच्या धड्याची साधारण ४७० एमबीची फाइल पावणेचार जीबीची झाली, अक्षरे मात्र होती तशीच राहिली. आता नवा लॅपटॉप घ्यावा लागेल, की विकतचे सॉफ्टवेअर? जाणकारांनी कृपया सांगावे.


चित्रपट्टी

मॅडम, लॅपटॉप बदलू नका आणि सॉफ्टवेअरही बदलू नका. आपण बिटरेट आठपट केल्यावरही फरक पडला नाही, यातच उत्तर आहे. बिटरेटचा संबंध येतो तो चित्र आकुंचित करून फाइलमध्ये साठवताना. आपली अक्षरे त्याच्या आधीच बिघडत आहेत; बिघडलेले चित्र कितीही जागा देऊन साठवले तरी ते बिघडलेलेच राहते.

बिघाड कसा होतो ते पाहा. आपल्या पडद्यावर पिक्सेलच्या ७६८ आडव्या ओळी आहेत आणि व्हिडिओत ७२०. म्हणजे पडद्यावरच्या दर १६ ओळी व्हिडिओतल्या १५ ओळींत कोंबाव्या लागतात. छायाचित्राचे त्याने फारसे बिघडत नाही, कारण तिथे शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखेच असतात. अक्षरांचे मात्र हाल होतात. लहान आकारातील शिरोरेषा जेमतेम एक पिक्सेल जाडीची असते. ती नव्या ओळींपैकी एकीवर नेमकी बसली तर काळी राहते. दोहोंच्या मध्ये पडली तर तिचा काळेपणा दोघींत वाटला जातो आणि एका काळ्या रेषेच्या दोन करड्या होतात. एक ओळ स्वच्छ आणि पुढची पुसट हे जे आपण टिपले आहे, ते याच विभागणीमुळे. ‘ष’ची तिरपी रेघ तर चार-सहा पिक्सेलांचाच खेळ, तो आडवा आणि उभा अशा दोन्ही बाजूंनी दाबला जातो.

तेव्हा पहिला नियम असा, की पडद्याचा एक पिक्सेल व्हिडिओच्या एका पिक्सेलावर बसला पाहिजे. व्हिडिओचा आकार १३६६ × ७६८ केला तरी हे साधते, पण यूट्यूबवर ७६८ची पायरी नाही. तिथे तो पुन्हा ७२० ओळींत उतरवला जाईल आणि आपण आहोत तिथेच येऊ. म्हणून मी उलटा मार्ग सुचवतो. चित्रीकरणापुरते विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन पडद्याचेच रिझोल्यूशन १२८० × ७२० करा. यादीत तो पर्याय बहुधा असतोच. असे केल्यावर आपल्या डोळ्यांना पडदा थोडा अस्पष्ट दिसेल, कारण पडद्याच्या काचेवर पिक्सेल ७६८ ओळींचेच आहेत आणि आता ७२० ओळी ताणून त्यावर बसवल्या जात आहेत. त्याने बिचकू नका. ओबीएस काचेवरचे चित्र टिपत नाही. विंडोजने स्मृतीत रेखाटलेले, ताणण्यापूर्वीचे चित्र ते उचलते. आपल्याला पुसट दिसेल आणि विद्यार्थ्यांना स्वच्छ, असा हा विचित्र सौदा आहे.

मग ओबीएसच्या सेटिंग्जमधील व्हिडिओ या पानावर बेस कॅनव्हास आणि आउटपुट स्केल्ड असे दोन आकार दिसतील, ते दोन्ही १२८० × ७२० ठेवा. एवढ्यावर थांबू नका. कॅनव्हासमध्ये ठेवलेल्या स्रोताचा, म्हणजे टिपल्या जाणाऱ्या पडद्याच्या चित्राचा, आकार वेगळा असतो आणि तो आधीच्या मापाचाच राहून गेलेला असतो. त्यावर क्लिक करून कंट्रोल + आर दाबा, म्हणजे तो मूळ मापावर येईल. हे राहून गेल्यामुळे ‘सगळे बरोबर करूनही पुसटच’ अशी तक्रार करणारे मी बरेच पाहिले आहेत.

आता बिटरेटविषयी, कारण तो निरुपयोगी नाही, फक्त त्याची पाळी नंतर येते. १२८० × ७२० चे एक चित्र काहीही न दाबता साठवायचे तर २७,६४,८०० बाइट लागतात. सेकंदाला ३० चित्रे धरली तर जवळपास ८३ एमबी, आणि आपल्या पंचवीस मिनिटांच्या धड्याला सुमारे १२४ जीबी. हे शक्य नसल्याने एच.२६४ सारखे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, आधीच्या चित्राच्या तुलनेत जे बदलले तेवढेच प्रामुख्याने नोंदवते. एक्सेलच्या धड्यात बराच वेळ काहीच बदलत नाही. माउसचा बाण हलतो आणि एखाद्या घरात आकडा उमटतो. अशा ठिकाणी प्रत्येक सेकंदाला ठरावीक बिट खर्च करणारी सीबीआर पद्धत उधळपट्टी करते. त्याऐवजी सीआरएफ निवडा. त्यात आपण दर्जा ठरवून देतो आणि बिट किती लागतील ते कोडेक ठरवते. मोजपट्टी ० ते ५१ अशी आहे, आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा, आणि साधारण ६ने आकडा उतरला की फाइल अंदाजे दुप्पट होते. १८ ठेवा. इंटेलच्या क्विक सिंकमधून (प्रोसेसरमधील व्हिडिओ विभागातून) एन्कोडिंग, म्हणजे चित्र दाबण्याचे काम, करत असाल तर तिथे याच कामाला आयसीक्यू नावाचा पर्याय आहे. ओबीएसच्या साध्या मोडमध्ये राहायचे असेल, तर रेकॉर्डिंग क्वालिटी या जागी ‘सेम अ‍ॅज स्ट्रीम’ असेल ते काढून ‘इन्डिस्टिंग्विशेबल क्वालिटी’ करा. त्याखालचा ‘लॉसलेस’ मात्र निवडू नका. हार्ड डिस्क भरून जाईल आणि विद्यार्थ्याला त्याचा काहीही लाभ होणार नाही.


निळी शाई

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात एक गोष्ट आलेली नाही. तेरजेच्या तक्त्यात आपण तोट्याचे आकडे लाल आणि शीर्षकाच्या पट्ट्या गडद निळ्या किंवा हिरव्या ठेवता का? बहुतेक शिक्षक ठेवतात. मापे अचूक जुळवली तरी ते आकडे कडेला विस्कटलेले दिसतील.

कारण असे, की सर्वसाधारण व्हिडिओत प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा नोंदवला जातो, पण रंग मात्र दोन आडव्या आणि दोन उभ्या अशा चार पिक्सेलांना मिळून एकच दिला जातो. या पद्धतीला ४:२:० म्हणतात. माणसाचा डोळा उजेडातील फरक बारकाईने टिपतो आणि रंगातील फरकाच्या बाबतीत बराच उदार असतो, या स्वभावाचा तो फायदा आहे. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर सगळा फरक उजेडाचा असतो, म्हणून ते शाबूत राहते. निळ्या पट्टीवर लाल अक्षर असेल तर दोहोंचा उजेड जवळपास सारखा आणि फरक केवळ रंगाचा. तो अर्ध्या बारकाव्याने नोंदवला गेल्यावर अक्षराला कडाच उरत नाही.

ओबीएसच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर कलर फॉरमॅट एनव्ही१२ असतो तो आय४४४ केला की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो, हे खरे. परंतु यूट्यूब तो व्हिडिओ पुन्हा ४:२:० मध्येच बदलते, आणि अशी फाइल थेट पाठवली तर पुष्कळ मोबाइलवर ती उघडतच नाही. म्हणून तो मोह टाळा आणि तक्ताच बदला: पांढऱ्यावर काळे, पट्ट्या अगदी फिकट. ऋण आकड्याला लाल करण्याऐवजी कंस घाला. आपल्या विषयात ती रीत तशीही रूढ आहे.

दुसरे म्हणजे विद्यार्थी हे मोबाइलवर आणि डेटा वाचवत पाहणार, हे धरून चाला. एक्सेलची नेहमीची ओळ २० पिक्सेल उंचीची असते. आपला ७२० ओळींचा व्हिडिओ त्यांच्याकडे ४८०पी मध्ये चालला तर ती ओळ १३ पिक्सेलची होते आणि त्यात मात्रा, अनुस्वार, रफार सारे बसवायचे असते. शीट १५० टक्के मोठी करा, म्हणजे ४८०पी मध्येही ओळीला २० पिक्सेल मिळतील. कंट्रोल + एफ१ दाबून वरची रिबन मिटवलीत तर जागाही वाचेल.


खातेवही

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. पडद्याचे रिझोल्यूशन बदलून, स्रोत मूळ मापावर आणून आणि सीआरएफ १८ ठेवून मी दहा मिनिटांचा धडा केला. माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडली तेव्हा ‘भविष्य’मधला ‘ष’ प्रथमच ‘ष’ दिसला. फाइलही पूर्वीच्या मानाने फारच लहान आली.

निळी शाई, आपला निरोप वाचण्यापूर्वी मी उत्साहाच्या भरात आय४४४ करून पाहिले होते, हे कबूल करते. ती फाइल गटात पाठवली तर निम्म्या मुलांनी ‘मॅडम, नुसता आवाज येतो’ असे कळवले. ते मागे घेतले आहे.

आता नवा पेच आहे. तोच स्वच्छ व्हिडिओ यूट्यूबवर चढवल्यावर पुन्हा मऊ पडतो. पूर्वीइतका वाईट नाही, पण शीट सरकवताना आकडे क्षणभर विरघळतात आणि मग जागेवर येतात. यावर काही उपाय आहे का?


मधली सुट्टी

आहे. प्रथम हे तपासा, की आपण चढवल्यानंतर किती वेळाने पाहिलेत. यूट्यूब सुरुवातीला केवळ कमी दर्जाची आवृत्ती उपलब्ध करून देते आणि वरच्या आवृत्त्या नंतर, कधीकधी बऱ्याच उशिराने तयार होतात. गिअरच्या चिन्हावर टिचकी मारून ७२०पी दिसत आहे ना, हे पाहूनच निर्णय करा.

ते दिसत असूनही मऊ वाटत असेल, तर कारण यूट्यूबच्या पुनर्एन्कोडिंगमध्ये आहे. आपण काहीही पाठवले तरी ते पुन्हा दाबले जाते आणि ७२०पी च्या वाट्याला फार थोडे बिट येतात. शीट सरकली की पडद्यावरचे जवळजवळ सगळेच बदलते, तेवढ्या बिटांत ते मावत नाही आणि आकडे विरघळतात. १४४०पी च्या आवृत्तीला यूट्यूब अधिक बिट देते आणि तिथे सहसा व्हीपी९ हे अधिक कार्यक्षम कोडेक वापरते. चढवण्याच्या शिफारशीतही हा फरक दिसतो: सेकंदाला ३० फ्रेमसाठी ७२०पी ला ५ मेगाबिट सुचवले आहेत, तर १४४०पी ला १६.

म्हणून आपला व्हिडिओ नेमका दुप्पट करा. ओबीएसचा कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही २५६० × १४४० ठेवा, पडदा मात्र १२८० × ७२० राहू द्या. स्रोतावर कंट्रोल + एफ दाबले की तो पूर्ण कॅनव्हासभर पसरेल. मग स्रोतावर उजवी टिचकी देऊन स्केल फिल्टरिंगमध्ये ‘पॉइंट’ निवडा. त्यामुळे मूळचा प्रत्येक पिक्सेल कसलीही मिसळ न होता दोन गुणिले दोनच्या चौकोनात बदलतो. दीडपट किंवा सव्वापट केले तर चित्रपट्टी यांनी वर्णिलेला शिरोरेषेचा घोळ पुन्हा सुरू होईल. पट पूर्णांकातच हवी.

याचा एक आडलाभ असा, की निळी शाई यांनी सांगितलेली रंगाची उणीवही बरीचशी भरून निघते. चार पिक्सेलांना मिळून एक रंग मिळतो, आणि आता मूळचा एक पिक्सेल म्हणजेच ते चार पिक्सेल झाले.

आणखी एक, जे मी पस्तावून शिकलो. फाइलचा प्रकार एमपी४ असेल तर तो एमकेव्ही करा. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका चित्रीकरण थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. मधेच लॅपटॉप गोठला तर ती लिहायची राहते आणि मागचे काहीच उघडत नाही. पन्नास मिनिटांचे एक चित्रीकरण मी असे घालवले, तेही शेवटच्या उदाहरणाच्या शेवटच्या ओळीवर. एमकेव्ही असेल तर बिघाडाच्या क्षणापर्यंतचे सर्व हाती राहते. नंतर फाइल मेनूतील ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने ते एमपी४ करता येते, त्यात पुन्हा एन्कोडिंग होत नसल्याने दर्जा तसाच राहतो आणि काम काही सेकंदांत उरकते.


चित्रपट्टी

दुप्पट करण्याची युक्ती उत्तम आहे, पण मॅडमच्या लॅपटॉपला ती पेलेल का, हे आधी पाहावे लागेल. पिक्सेल चौपट झाले म्हणजे एन्कोडरचे कामही चौपटीच्या आसपास जाते. व्ह्यू मेनूतून स्टॅट्स उघडा आणि पाच मिनिटे चित्रीकरण करत ‘स्किप्ड फ्रेम्स ड्यू टू एन्कोडिंग लॅग’ या ओळीकडे लक्ष ठेवा. तिथला आकडा शून्यावर किंवा त्याच्या आगेमागे राहिला तर ठीक. तो चढत राहिला तर एन्कोडर एक्स२६४ (प्रोसेसरच्या मुख्य भागावर चालणारा) ऐवजी क्विक सिंक करा, म्हणजे भार प्रोसेसरच्या मुख्य भागावरून त्यातील स्वतंत्र व्हिडिओ विभागावर जाईल. तेही न पुरल्यास फ्रेम ३० वरून २० करा. खेळाच्या चित्रीकरणात हे चालणार नाही; ताळेबंद मात्र सेकंदाला वीस वेळा पाहिल्याने कमी कळत नाही.


तिसरी घंटा

चित्राची चर्चा पुरेशी झाली आहे, म्हणून आवाजाविषयी थोडक्यात. मे महिन्यात पंखा बंद करून बोला असे सांगणे क्रूरपणाचे होईल. लॅपटॉपमधल्या मायक्रोफोनऐवजी वायरचा साधा कॉलर माइक लावा आणि तो हनुवटीपासून वीतभर अंतरावर ठेवा. ओबीएसमध्ये माइकच्या फिल्टरमध्ये नॉइज सप्रेशन आहे, त्यातला आरएनएनॉइज हा प्रकार पंख्याची घरघर चांगली काढतो. मोठ्याने बोलताना आवाजाची पट्टी उणे १० डेसिबलच्या आसपास पोहोचावी. ती शून्याला टेकली तर आवाज फाटतो आणि नंतर तो दुरुस्त करता येत नाही.


खातेवही

सर्व सूचना अमलात आणून काल घसाऱ्याचाच धडा पुन्हा केला. २५६० × १४४० वर एक्स२६४ ने पहिल्या पाच मिनिटांत शेकडो फ्रेम गाळल्या. क्विक सिंक केल्यावर आकडा चारवर थांबला. शीट १५० टक्के केल्यावर संपूर्ण ताळेबंद एका वेळी पडद्यावर मावत नाही, म्हणून देयता आणि मालमत्ता या दोन बाजू स्वतंत्र शीटवर घेतल्या आणि बेरजेची ओळ वर गोठवून ठेवली. लाल आकडे जाऊन कंस आले आहेत.

रात्री १४४०पी ची आवृत्ती तयार झाल्यावर त्याच विद्यार्थिनीला दुवा पाठवला आणि सातव्या मिनिटाला घसारा किती दिसतो ते तिच्या मोबाइलवर वाचून कळवायला सांगितले. तिने ४८०पी वर पाहून ‘१,५००’ असे लिहिले आणि खाली विचारले की, सरळ रेषा पद्धतीने काढला असता तर तो किती आला असता. त्याचा धडा उद्या चित्रित करते.